डोंगरमाथ्यावरच्या लाव्ह्यावरून जुनी नदी कशी शोधतात?

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात सोनोरा गावाजवळचा टेबल माउंटन उपग्रहचित्रात नागमोडी दिसतो आणि त्याला लुप्त नदीचं पात्र म्हणतात. डोंगराच्या माथ्याला नदी कशी म्हणायची? आणि सपाट माथा असला की ती नदी, असं असेल तर पाचगणीचं टेबललँड नदी का नाही?

पहिल्याचं उत्तर 'हो, तिथे नदीच होती', दुसऱ्याचं 'बहुधा नाही'. दोन्ही उत्तरं एकाच कसोटीवर ठरतात. माथ्याच्या आकारावरून फार तर शंका घेता येते. नदी होती की नाही हे लाव्ह्याचा तळ सांगतो, आणि तळ पाहायला डोंगराच्या कुशीत शिरावं लागतं. उपग्रहचित्रं फुकट मिळायला लागल्यापासून ही दुसरी पायरी गाळायची सवय वाढली आहे, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

आधी डोंगर कसा झाला ते पाहू. लाव्हा पाण्यासारखाच उताराला लागतो. बाहेर पडला की आसपासची सगळ्यात खोल जागा धरतो, आणि डोंगराळ मुलखात ती जागा म्हणजे नदीचं पात्र. सुमारे १ कोटी ४ लाख वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा या डोंगररांगेच्या माथ्याकडे, आजच्या सोनोरा पासच्या परिसरात, लॅटाइट जातीचा लाव्हा वर आला आणि पश्चिमेला वाहणाऱ्या एका नदीच्या दरीत शिरला. साधारण १०० किलोमीटर तो त्या दरीने उतरत गेला, थेट आजच्या नाइट्स फेरी गावाच्या आसपासपर्यंत. दरीचा तळ भरला, वरचा पृष्ठभाग सपाट थिजला. नदीला आता जुन्या जागी वाव नव्हता. तिने लाव्ह्याच्या कडेने नवी वाट कोरायला घेतली. जुन्या दरीच्या भिंती बऱ्याच ठिकाणी ज्वालामुखीच्या चिखलप्रवाहांनी बनलेल्या, म्हणजे लाव्ह्याच्या मानाने भुसभुशीत होत्या. त्या झिजत गेल्या, लाव्हा जागेवर राहिला. साचा फुटून गेला आणि आतली ओतीव मूर्ती उरली, असा हा प्रकार आहे. जिथे खोलगट भाग होता तिथे आज आजूबाजूच्या दऱ्यांच्या शेकडो फूट वर सपाट माथ्याची भिंत उभी आहे, आणि नदीची वळणं त्या भिंतीत जशीच्या तशी आहेत. भूरूपशास्त्रात याला उलटं भूरूप म्हणतात.

हे पहिल्यांदा ओळखलं ते भूशास्त्रज्ञांनी नव्हे, खाणवाल्यांनी. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा इथे अमेरिकन नदीवर जेम्स मार्शलला सोनं सापडलं. पुढच्या काही वर्षांत वाहत्या नद्यांच्या वाळूतलं सहज मिळणारं सोनं उपसून झालं. मग लोकांच्या लक्षात आलं, की नदीपासून कितीतरी वर, डोंगरधारेवर, तसेच घासून गुळगुळीत झालेले गोटे आहेत आणि त्यांतही सोनं आहे. काही ठिकाणी हे गोटे उघडे होते, काही ठिकाणी लाव्ह्याखाली दडपलेले. १८५० च्या दशकात टेबल माउंटनच्या कुशीत बोगदे पडू लागले.

या बोगद्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी पद्धत त्यांतून आली. लाव्ह्याखालच्या पात्राला दोन्ही बाजूंनी मूळ कातळाची कड असते. बाहेरून डोंगराकडे पाहिलं तर हीच कड दिसते. पात्राचा सगळ्यात खोल भाग तिच्या मागे, आत कुठेतरी असतो. सोनं जड, त्यामुळे ते बहुतेक त्या खोल भागात, गोट्यांच्या अगदी तळाशी, कातळाच्या भेगांत बसलेलं. खाणवाला बाहेरून आडवा बोगदा कड फोडून आत नेतो तेव्हा त्याला पात्राच्या तळाची उंची अंदाजाने धरावी लागते. बोगदा वर धरला तर तो पात्राच्या मधल्या वाळूत किंवा थेट लाव्ह्यात निघतो, आणि खाली साचलेलं पाणी कायमचं अंगावर येतं. खाली धरला तर कातळातून जास्त खोदकाम करावं लागतं, पण मग वर छिद्रं पाडून पाणी आपोआप निथळवता येतं. म्हणून जाणते लोक मुद्दाम खाली धरायचे. चुकीच्या उंचीवर बोगदा गेल्यामुळे बुडालेल्या कंपन्या त्या काळात भरपूर झाल्या. आपल्यासाठी मोलाची गोष्ट अशी, की प्रत्येक यशस्वी बोगद्याने लुप्त नदीच्या तळाची खरी उंची एका ठिकाणी नोंदवून ठेवली. वॉल्डेमार लिंडग्रेनने १९११ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी सिएरातल्या जुन्या गोटेरी थरांचा जो मोठा अहवाल लिहिला, त्यातले नदीमार्गांचे नकाशे अशा खाणींच्या माहितीवर उभे आहेत. शंभरहून जास्त वर्षं झाली, तरी तिथे काम सुरू करताना आधी तोच नकाशा पसरला जातो.

त्याच खाणींमधून एक फजितीही निघाली. १८६६ मध्ये एंजल्स कॅम्पजवळच्या एका खाणीत लाव्ह्याखालच्या थरातून मानवी कवटी मिळाल्याचं सांगितलं गेलं. राज्याचे भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांनी ती खरी मानली, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात माणूस होता असं मानल्यासारखंच झालं. पुढे ती कवटी अलीकडची असल्याचं आणि कुणीतरी गंमत म्हणून ठेवल्याचं स्पष्ट झालं. व्हिटनी कच्चे नव्हते, या जुन्या नद्यांचं त्यांचं काम भक्कम होतं. पण ज्या थराखाली वस्तू मिळाली त्या थराइतकी ती जुनी, हे म्हणायला ती वस्तू तिथे मुळात बसलेली होती का हे आपल्या डोळ्यांनी पाहावं लागतं. खाणीतून बाहेर आणून हातात दिलेल्या नमुन्यावर मी आजही काही लिहीत नाही.

खाणवाल्यांची दुसरी समजूत जास्त काळ टिकली. खोलवरचे, हवा न लागलेले गोटेरी थर निळसर दिसतात. ठिकठिकाणी असे निळे थर सापडल्यावर लोकांनी ते सगळे एका रेषेत जोडले आणि डोंगररांगेला समांतर वाहणारी एकच प्रचंड 'निळी नदी' कल्पिली. प्रत्यक्षात तो निळा रंग ऑक्सिजन न मिळाल्याचा होता, कुठल्याही नदीत येऊ शकणारा. त्या वेगवेगळ्या नद्या होत्या, आणि बहुतेक आजच्यासारख्याच पश्चिमेला उतरणाऱ्या. नकाशावर तुकडे जोडून रेघ काढणं फार सोपं असतं. ते तुकडे एकाच नदीचे आणि एकाच काळाचे आहेत हे दाखवणं म्हणजे खरं काम, आणि त्यातच वर्षं जातात.

तेव्हा आता तळाकडे. लाव्ह्याच्या खाली डोंगराच्या उतारावर दगडधोंड्यांचा ढीग असतो, त्यामुळे तळ बहुतेक झाकलेला. ओढ्याने कापलेली जागा, रस्त्याचा काप, जुन्या बोगद्याचं तोंड अशा ठिकाणी तो उघडा सापडतो. (जुन्या बोगद्यात शिरू नका. लाकडी आधार कुजलेले असतात आणि आतली हवा खराब असते. तोंडाशी उभं राहून जे दिसतं तेवढं पुरे.) तिथे मी आधी बघतो ते गोटे आहेत का, आणि असले तर किती गोलावलेले आहेत. टोकदार दगड म्हणजे उतारावरून घसरलेला माल. घासून गोल झालेले म्हणजे पाण्याने लांबून आणलेले. चपटे गोटे पाण्याच्या प्रवाहात एकमेकांवर रेलून, प्रवाह येतो त्या (उगमाच्या) बाजूला झुकून बसतात, कौलांसारखे एकावर एक. त्या झुकण्याच्या उलट दिशेला नदी वाहत होती. एका ठिकाणी निदान तीसेक गोट्यांचा कल मोजल्याशिवाय मी दिशा लिहीत नाही, कारण चार-पाच गोटे काहीही सांगू शकतात.

मग गोटे कुठल्या खडकाचे आहेत ते. सिएरात हे फार उपयोगी पडतं. सगळ्यात जुने, इओसीन काळातले (सुमारे चार-पाच कोटी वर्षांपूर्वीचे) थर पाहिले तर त्यांत स्लेट, गारगोटी असे मूळ कातळाचे दगड दिसतात. ज्वालामुखी खडक जवळपास नसतो, कारण तेव्हा तिथे ज्वालामुखींचा धुमाकूळ सुरू झाला नव्हता. पुढे पूर्वेकडून रायोलाइट या फिकट ज्वालामुखी खडकाची पांढुरकी राख आली, त्यानंतर अँडेसाइट या करड्या ज्वालामुखी खडकाचे चिखलप्रवाह. म्हणून एखाद्या पात्रात अँडेसाइटचे गोटे असतील, तर ते पात्र अँडेसाइट आल्यानंतरचं. टेबल माउंटनच्या लाव्ह्याने भरलेली दरी अशीच मागाहून कोरलेली आहे. सगळ्यात जुन्या, सोन्याने भरलेल्या नद्यांची ती दरी नव्हे. अशा मधल्या काळातल्या पात्रांत सोनं एकंदरीत कमी, आणि जिथे त्यांनी जुन्या पात्राला आडवं कापून त्याचा माल लुटला तिथेच बरं असायचं. हे न कळल्यामुळे एकाच डोंगरात शेजारशेजारच्या दोन खाणींपैकी एक मालामाल व्हायची आणि दुसरी रिकामी राहायची.

लाव्ह्याचा स्वतःचा तळही बोलका असतो. कोरड्या जमिनीवरून गेला तर खालची माती भाजून विटकरी लाल होते. पाण्यात किंवा ओल्या चिखलात शिरला तर तो फुटतो, काचेसारखे तुकडे होतात, उशांसारखे गोलसर गड्डे तयार होतात. गड्ड्यांचा थर किती जाड आहे त्यावरून पाणी साधारण किती खोल होतं याचा अंदाज येतो. लाव्ह्याने नदी अडवून तात्पुरता तलाव केला असेल, तर तोही इथे दिसतो. तळाच्या ओलीतून वर चढणाऱ्या वाफेच्या उभ्या नळ्या कधीकधी लाव्ह्यात गोठलेल्या सापडतात, आणि त्या एका बाजूला वाकलेल्या असतील तर लाव्हा कुठे सरकत होता ते समजतं.

थंड होताना पडणाऱ्या खांबांकडेही बघा. लाव्हा ज्या पृष्ठभागाकडून थंड होतो, त्या पृष्ठभागाला खांब काटकोनात उभे राहतात. मोकळ्या मैदानावर पसरलेल्या लाव्ह्यात ते सरळ उभे. दरीत भरलेल्या लाव्ह्यात थंडी भिंतींकडूनही आत शिरते, म्हणून कडेचे खांब तिरपे, कधी जवळजवळ आडवे, पंख्यासारखे पसरलेले. लाव्हा आज माथ्यावर असला तरी असे खांब दिसले की समजावं, इथे एके काळी लाव्ह्याच्या दोन्ही अंगांना भिंती होत्या. माझ्या मते लांबून, दुर्बिणीतून मिळणाऱ्या खुणांमध्ये ही सगळ्यात भरवशाची.

उंची मोजताना एक काळजी. डोंगराच्या कडेला लाव्ह्याचा जो तळ दिसतो तो पात्राच्या कडेचा तळ. मधला भाग त्याहून खोल असतो, आणि तो फक्त जिथे ओढ्याने डोंगर आरपार कापला आहे तिथे किंवा बोगद्यांत दिसतो. कडेच्या उंच्या जोडून नदीचा उतार काढला तर तो कुठे फुगतो, कुठे उताराऐवजी चढ दाखवतो. आता हवेतून लेझरने मोजलेले उंचीचे नकाशे मिळतात. झाडीखालची जमीन हातभराच्या अचूकतेने दिसते. त्यामुळे तुकडे हुडकणं सोपं झालं. कडेचा तळ आणि मधला तळ यांतला फरक मात्र लेझरला कळत नाही.

तुकडे जोडायचे कसे? आधी डोळ्यांनी. टेबल माउंटनचा लॅटाइट हातात घेतला तर त्यात फेल्डस्पार या खनिजाचे मोठे स्फटिक ठळक दिसतात, आसपासच्या अँडेसाइटपेक्षा तो लगेच वेगळा ओळखू येतो. एफ. एल. रॅन्समने १८९८ मध्ये याच परिसरातल्या खडकांवरून 'लॅटाइट' हे नाव रूढ केलं. डोळ्यांनी जुळलं की रसायन, मग खडकात गोठलेली चुंबकीय दिशा, आणि शेवटी आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) वय. हा क्रम मुख्यतः पैशांचा आहे, वय काढणं महाग. चुंबकीय दिशेचा फायदा असा, की पृथ्वीचं चुंबकक्षेत्र सतत भटकत असतं. एकामागून एक आलेले दोन लाव्हे रसायनाने सारखे असले तरी त्यांच्यात काही शतकांचं अंतर असेल, तर दिशा वेगळी येऊ शकते.

अशा जोडणीचं सिएरातलं सगळ्यात मोठं उदाहरण लव्हजॉय बेसॉल्टचं. हनी लेकजवळच्या थॉम्पसन पीककडून निघून हा लाव्हा सिएरा ओलांडून ओरोव्हिलच्या (सोनोराच्या नव्हे) टेबल माउंटनपर्यंत आणि पुढे सॅक्रामेंटो खोऱ्यापलीकडे, व्हॅकाव्हिलच्या बाजूला गेला. एकूण सुमारे २४० किलोमीटर. मधले तुकडे इतके विखुरलेले आहेत की वयाबद्दल बराच काळ मतभेद होते. आता तो सुमारे १ कोटी ५५ लाख वर्षांच्या आसपासचा मानला जातो. त्या काळात सिएराचा माथा पाण्याचा दुभाजक असता, तर पूर्वेकडचा लाव्हा पश्चिमेला आलाच नसता. एका लाव्ह्याच्या वाटेवरून अख्ख्या डोंगररांगेच्या पाणलोटाचा प्रश्न सुटतो तो असा.

राखेचे दाट, गरम प्रवाह याहून लांब नेतात. नाइन हिल टफ नावाचा सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचा घट्ट झालेल्या राखेचा थर मध्य नेवाडापासून सिएराच्या पश्चिम पायथ्यापर्यंत जुन्या दऱ्यांत सापडतो. म्हणजे तेव्हाच्या नद्यांचे उगम आजच्या सिएराच्या खूप पूर्वेला, आज वाळवंट असलेल्या नेवाडात होते. मात्र पुरावा म्हणून राखेचा प्रवाह लाव्ह्याइतका शिस्तीचा नाही. लाव्हा तळ सोडत नाही. राखेचा प्रवाह वेगात असला तर छोट्या टेकड्या ओलांडतो, शेजारच्या दरीत सांडतो. आकाशातून पडणारी राख तर दरी, माथा सगळ्यांवर सारखीच. म्हणून 'ज्वालामुखी खडक सापडला' एवढं वाक्य पुरत नाही. कुठल्या प्रकारे आला ते सांगितल्याशिवाय त्यावर नदी उभी करू नये.

आता वादाचा भाग. जुन्या पात्रांचा आजचा उतार काढून लिंडग्रेन आणि नंतरच्या लोकांनी एक तर्क मांडला. डोंगररांगेला काटकोनात, नैऋत्येला जाणारे पात्राचे भाग आज फार तीव्र उताराचे आहेत. रांगेला समांतर जाणारे भाग जवळजवळ सपाट. नदी मूळची अशी असण्याचं कारण नाही, तेव्हा सगळा सिएरा मागाहून पश्चिमेला कलला असणार. तर्क सुंदर आहे. पण राखेच्या थरातल्या ज्वालामुखी काचेत मुरलेल्या जुन्या पावसाच्या पाण्यातून, हायड्रोजनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून, तेव्हाची उंची काढणाऱ्यांचं म्हणणं आहे की सिएरा अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीच उंच होता. शिवाय कठीण खडकावरून जाणारी नदी मुळातच तीव्र उताराची असू शकते, हा आक्षेप आहेच. मला विचाराल तर काही प्रमाणात कल झाला आहे असं मी मानतो. सगळी उंची त्या कलण्यातून आली हे मानत नाही. टेबल माउंटनच्या तळाची उंची इतकी नीट मोजलेली असूनही वाद मिटत नाही, कारण मूळ उतार किती होता हे लाव्हा सांगत नाही. तो फक्त आजचा उतार सांगतो.

डोंगर झालेलं पात्र निदान दिसतं तरी. जमिनीखाली गाडलेलं पात्र शोधायला वेगळी साधनं लागतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात बॅलराटच्या भोवती सोन्याच्या जुन्या नद्या बेसॉल्टच्या सपाट चादरीखाली आहेत, उलटं भूरूप अजून झालेलंच नाही. तिथे बेसॉल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे चुंबकीय मोजणी कामाला येते, कारण दरीत भरलेला बेसॉल्ट जाड, म्हणून चुंबकीय खूण ठळक. तिथल्या खाणींना पाण्याने जेरीस आणलं ते याच कारणाने, की गाडलेलं पात्र म्हणजे भूजलाचा साठाच. दुसऱ्या टोकाला ग्रँड कॅन्यन. गेल्या ८ लाखांहून जास्त वर्षांत तिथे कितीतरी वेळा लाव्हा कड्यावरून खाली कोलोराडो नदीत ओतला, नदी तुंबली, नदीने लाव्हा पुन्हा कापून काढला. भिंतींवर चिकटून राहिलेल्या तुकड्यांच्या तळाची उंची आणि वय मिळालं, की नदी किती वेगाने खाली कोरत गेली ते काढता येतं.

पाचगणीबद्दल. सह्याद्रीत आपली अडचण अशी आहे की सगळंच लाव्ह्याचं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्यांनी एकावर एक थर देत आधीच्या दऱ्या केव्हाच भरून टाकल्या. कातळ सगळीकडे तोच, थर जवळजवळ आडवे. म्हणून डोंगराचे माथे सपाट राहतात आणि उतारावर कड्यांच्या पायऱ्या पडतात. त्या सपाटपणाला नदी लागत नाही. पाचगणीच्या माथ्यावर तर लाव्हाही नाही, जांभा आहे. जांभ्याबद्दल एक गंभीर तर्क मात्र मांडला गेला आहे. क्लिफ ऑलियर आणि हेतू शेठ यांनी २००८ मध्ये असं सुचवलं, की सह्याद्रीच्या माथ्यांवरचे काही जांभे मुळात दऱ्यांच्या तळाशी लोहयुक्त पाण्याने सांधलेले होते आणि आज ते उलटं भूरूप होऊन माथ्यावर आले आहेत. प्रचलित मत वेगळं आहे: एका जुन्या, विस्तीर्ण पृष्ठभागावर बेसॉल्ट जागच्या जागी कुजून जांभा झाला आणि त्याचे हे उरलेले तुकडे. मी ज्या कापांत पाहिलं आहे तिथे वरचा जांभा, खाली चिकणमाती, तिच्या खाली कुजका बेसॉल्ट, मग ताजा काळा पाषाण अशी सलग उतरंड दिसते. मध्ये गोटे नाहीत, रेव नाही. अशी उतरंड जागेवरच्या कुजण्याची. अरुंद, वळणदार जांभ्याची धार कुठे दिसली आणि तिच्या तळाशी घासलेले गोटे मिळाले, तर मी मत बदलायला तयार आहे. पण गोटे दाखवावे लागतील.

एक गोष्ट आपल्याकडे वारंवार विचारली जाते म्हणून सांगतो. विहिरीत दोन लाव्ह्यांच्या सांध्यावर लाल मातीचा पट्टा लागला आणि पाणी मिळालं, की 'जुनी नदी लागली' असं म्हणतात. तो पट्टा बहुतेक वेळा दोन उद्रेकांच्या मधल्या काळातली भाजलेली, कुजलेली जमीन असते, आणि पाणी येतं ते वरच्या-खालच्या थरातल्या सच्छिद्र, भेगाळ भागातून. नागपूरच्या परिसरात लाव्ह्यांच्या मध्ये गोड्या पाण्यातल्या शंखशिंपल्यांचे थर मिळतात. स्टीफन हिस्लॉप यांनी १९ व्या शतकाच्या मध्यावर त्यांचं वर्णन केलं. तेही मुख्यतः तळी आणि डबकी होती. वाहत्या नदीचे थर त्या मानाने विरळाच.

तरी दख्खनमध्ये एक लाव्हा असा आहे ज्याने नदीची वाट धरली असावी असं मानायला जागा आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ, गोदावरी समुद्राकडे जाते तिथे, दख्खनच्या मुख्य पठारापासून दूर, एकाकी लाव्ह्याचे थर आहेत. त्यांचं रसायन आणि चुंबकीय दिशा आपल्या सह्याद्रीतल्या आंबेनळी आणि महाबळेश्वर या थरसमूहांशी जुळते. म्हणजे हे लाव्हे पश्चिमेकडून सुमारे १००० किलोमीटर वाहत आले असावेत. जगातल्या सगळ्यात लांब ज्ञात लाव्हाप्रवाहांत त्यांची गणना होते. एवढं अंतर पसरट मैदानावरून कापणं अवघड, तेव्हा ते पूर्वेला उतरणाऱ्या जुन्या नदीखोऱ्यांतून आले असावेत असा अंदाज आहे. मधल्या वाटेवर मात्र तुकडे उरलेले नाहीत. म्हणून गोदावरीसारखी एखादी नदी तेव्हाही पूर्वेला वाहत होती असं म्हणायला हा आधार चांगला आहे, पण तिचा मार्ग नकाशावर काढायला पुरेसा नाही.

महाराष्ट्रातल्या आजच्या नद्यांच्या जुन्या पात्रांवर काम करायचं असेल तर लाव्ह्यापेक्षा राख उपयोगी. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी, बारामतीकडे कऱ्हाकाठी मोरगाव, इथे नदीच्या गाळात ज्वालामुखी राखेचे थर आहेत. ही राख इथली नव्हे, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची. टोबाचा सगळ्यात मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. मात्र बोरीच्या राखेचं वय एका पद्धतीने १४ लाख वर्षं आलं, दुसऱ्या मोजणीत सुमारे ६ लाख ७० हजार, आणि काचेच्या रसायनावरून काहींनी ती ७४ हजारांच्याच उद्रेकाची ठरवली. प्रश्न नुसता नदीचा नाही. त्याच गाळात अश्यूलियन पद्धतीच्या, म्हणजे आदिमानवाने घडवलेल्या, दगडी कुऱ्हाडी मिळाल्या आहेत, आणि राखेच्या वयावर कुऱ्हाडींचं वय अवलंबून आहे. इथे बघायचं ते हे, की राख स्वच्छ, सलग, तळाशी धारदार सीमा असलेली आहे की वाळू-रेव मिसळलेली. दुसऱ्या प्रकारची असेल तर नदीने ती वरून कुठून तरी धुऊन आणून पुन्हा टाकली आहे, आणि मग राखेचं वय म्हणजे गाळाचं वय धरता येत नाही. त्या गाळाचं वय तेवढंच किंवा त्याहून कमी. नमुना घेताना थराच्या तळाचा आणि माथ्याचा वेगळा घ्या, आणि मधल्या भागात नदीची वाळू दिसली तर ती चाळून टाकण्याआधी फोटो काढून ठेवा.